बिंदू चौक : मुद्दाम पाहायला जावं का?

कोल्हापुरात पाहुणे आले की आपण त्यांना अंबाबाईचं दर्शन घडवतो, रंकाळा आणि न्यू पॅलेस दाखवतो. बिंदू चौक मात्र नुसता ओलांडून जातो. तिथे तिकीट नाही, दार नाही. "मग त्यात काय बघायचं?" असं मुलं विचारतात. प्रश्न योग्यच आहे. फुकट आहे म्हणून जाऊ नये आणि फुकट आहे म्हणून टाळूही नये. तीन गोष्टी तपासाव्यात.

१) इथे वेगळं काय आहे?
चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ते ९ डिसेंबर १९५० रोजी उभे राहिले. शिल्पकार बाळ चव्हाण. आता तारीख नीट बघा. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण १९५६ चं. म्हणजे ते हयात असतानाच कोल्हापूरने त्यांचा पुतळा उभारला! बाबासाहेबांचा हा पहिला पुतळा मानला जातो.

२) आपला त्याच्याशी संबंध काय?
प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचं केलं. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाही बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवलं. १९२० च्या माणगाव परिषदेत महाराज आणि बाबासाहेब एकाच व्यासपीठावर होते. आज तुमच्या बाकावर शेजारी कोण बसतं, याची जात कुणी विचारत नाही. तो हक्क कुठून आला, ते इथे कळतं.

३) वेळ आणि त्रास किती?
पंधरा-वीस मिनिटं पुरतात. वाहनांची वर्दळ फार, म्हणून सकाळी लवकर जा आणि लहान मुलांचा हात धरा. जवळच जुन्या शहराच्या तटबंदीचा भाग आहे, तोही दाखवा. तिथून भवानी मंडप चालत जाण्याइतका जवळ आहे.

थोडक्यात, फक्त चौकासाठी लांबून सहल काढू नका. पण देवीला आलात, तर चुकवू नका. मात्र वरची माहिती मुलांना आधी सांगा, नाहीतर त्यांना फक्त गर्दीच दिसेल.

उपक्रम : तुमच्या गावातला एक पुतळा निवडा. तो कोणाचा, कधी आणि कोणी उभारला, हे मोठ्यांना विचारून पाच ओळी लिहा.