धारावीचा 'नाता' आणि आपला कपडा व्यापारी

आपल्या व्यापारी बांधवांत कॅमेऱ्यावर खर्च म्हणजे लग्नाचे शूटिंग, फार तर दुकानाची जाहिरात, अशी समजूत आहे. माहितीपट म्हटला की मुख्य चित्रपटाआधी लागणारी सरकारी फिल्म आठवते. तेवढ्या वेळात आपण बाहेर चहा पिऊन येत असू! तरीही एका माहितीपटाची दखल व्यापाराच्या या पानावर घेणे आम्हाला जरुरीचे वाटते.

'नाता' हा तो माहितीपट. अंजली मोन्टेरो व के. पी. जयशंकर यांनी तो २००३ साली तयार केला. लांबी अवघी पाऊण तास. विषय भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांची दोस्ती. पैकी वकारभाई तयार कपड्यांच्या धंद्यातले, म्हणजे आपल्याच पेशाचे. १९९२-९३ च्या दंगलीनंतर धारावीत मोहल्ला कमिट्यांमार्फत अमन राखण्याचे काम या दोघांनी केले. चार धर्मांच्या वेषातील चार मुलांचे 'हम सब एक हैं' हे पोस्टर वकारभाईंच्याच कल्पनेतले.

दंगल झाली की आमच्या मोहल्ल्यांत कॅमेरे येतात. जळालेले दुकान दिसते. ते पुन्हा उभे करणारा मात्र दिसत नाही. 'नाता'त तो दिसतो. शिवाय दिग्दर्शक पतिपत्नी स्वतःचीही कहाणी त्यात सांगतात. दुसऱ्याच्या घरात कॅमेरा घेऊन शिरणाऱ्याने आपण कोण, कुठले, हे आधी सांगावे, हा व्यवहार आम्हाला पटतो. अनोळखी दलालाला आपणही पहिल्यांदा पेढीचेच नाव विचारतो ना? याच दोघांनी २००१ साली 'साचा' हा माहितीपट कवी नारायण सुर्वे व चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्यावर केला. त्यात गिरणगावची मुंबई आहे. तोही जरूर पाहावा.

आता भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या तरुणांविषयी. हातात मोबाईल आहे, सुरुवातीला तेवढा पुरे. अडचण येते ती आवाजाची. यंत्रमाग चालू असताना माणसाचे बोलणे ऐकूच येत नाही. म्हणून मुलाखत माग बंद करून, माइक छातीजवळ लावून घ्यावी. खटखट वेगळी टिपून मागाहून जोडावी. दुसरी गोष्ट कटिंगची. दहा तास टिपले तर दहा मिनिटे ठेवावीत. ताका कितीही उंची असो, कटिंग मास्टर चिंधीचा मोह धरीत नाही. सगळ्या कारखान्याची माहिती कोंबण्यापेक्षा एकच माणूस घ्यावा, उदाहरणार्थ आपले वालिदसाहेब किंवा जुना जॉबर, आणि त्याला त्याच्या बोलीत, उर्दूत म्हणा की दखनीत, बोलू द्यावे. तो गप्प बसला तर घाईने पुढचा सवाल विचारू नये.

शेठ समोर उभा असेल तर कारागीर मजुरीविषयी, खोकल्याविषयी खरे बोलणार नाही. शेठ आपले वालिद असले तरी त्यांना तेवढा वेळ बाहेर पाठवावे. हे कठीण आहे, आम्हाला ठाऊक आहे. कारण फिल्मचा खर्चही बहुधा तेच देणार! पण त्यावाचून जे तयार होईल ती दुकानाची जाहिरातच.

तयार झाल्यावर पहिला खेळ मोहल्ल्यातच, ज्यांना टिपले त्यांच्यासमोर लावावा. कुणी म्हणाला की माझा एवढा भाग नको, तर तो काढावा, मग तो कितीही झकास उतरलेला असो.