पंपाला मोबाईल स्टार्टर बसवताना

जुन्नर-आंबेगाव भागातील शेतकऱ्याला विजेचे वेळापत्रक तोंडपाठ असते. शेतीपंपाची थ्री-फेज वीज वर्षानुवर्षे पाळीने मिळत आली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. डिंभे, माणिकडोह, येडगाव या धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्याने घर केले. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरील हल्ले एकाएकी वाढले, आणि तेव्हापासून ही भीती गेलेली नाही. अशा मुलखात मध्यरात्री लाईट आली म्हणून बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे, ते केवळ एक हिरवे बटण दाबण्यासाठी!

आम्ही बँकेत कारकून, शिक्षण कला शाखेचे. विजेतले आम्हाला काय कळणार, असे वाचक म्हणतील. परंतु घोडकाठी आमची वडिलोपार्जित थोडी जमीन आहे, विहिरीवर ५ एचपीची पाणबुडी मोटार आहे, आणि तिला मोबाईल स्टार्टर बसवताना झालेल्या चुकांची किंमत आम्हीच मोजली आहे. आपल्या समाजातील अनेक विद्यार्थी आयटीआयला वीजतंत्रीचे शिक्षण घेतात. त्यांना व शेतकरी बांधवांना उपयोग व्हावा, म्हणून हा लेख.

प्रथम साधा स्टार्टर समजून घेऊ. पेटीत कॉन्टॅक्टर असतो. त्याच्या कॉइलमध्ये वीज गेली की तो ओढला जातो आणि तिन्ही फेज मोटारीला मिळतात. लाल बटण एरवी जोडलेले असते, दाबले की तुटते. हिरवे एरवी तुटलेले असते, दाबले की जुळते. मग कॉन्टॅक्टर स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. लाईट गेली की कॉइल सुटते. लाईट परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही, म्हणून तर माणसाला जावे लागते.

मोबाईल युनिट हे काम माणसाच्या बोटाऐवजी करते. त्याच्या आर, वाय, बी या तीन वायरी कॉन्टॅक्टरच्या वरच्या बाजूला, म्हणजे येणाऱ्या विजेला जोडायच्या. खालच्या बाजूला जोडल्या तर मोटार बंद असताना युनिटला लाईट आल्याचे कळणारच नाही. चालू करणाऱ्या दोन वायरी हिरव्या बटणाला समांतर, आणि बंद करणारा संपर्क लाल बटणाच्या वाटेत एकसर. युनिटमध्ये सिमकार्ड असते. घरून फोन केला की मोटार चालू वा बंद होते. एखादा फेज गेला तर युनिट मोटार थांबवते. दोन फेजवर मोटार जळते, आणि रिवाइंडिंगचा खर्च सोसणारे खातेदार आम्ही बँकेच्या खिडकीतून पुष्कळ पाहिले आहेत.

आता आमची फजिती. युनिटसोबत एक लहान कडी येते, तिला सीटी म्हणतात. मोटारीकडे जाणारी वायर तिच्यातून ओवली की युनिटला करंट कळतो. विहिरीचे पाणी संपले की मोटारीवरचा भार हलका होतो, करंट उतरतो आणि युनिट मोटार बंद करते. आमच्या फिटरने मोटारीची तिन्ही वायरींची केबल अख्खीच कडीतून ओवली! तीन फेजचे करंट एकमेकांना खोडतात, बेरीज शून्य होते. विहीर काठोकाठ भरलेली आणि पडद्यावर मात्र ‘ड्राय रन’. त्या आठवड्यात आम्ही व आमचा पुतण्या तीन वेळा अपरात्री विहिरीवर गेलो. ज्या फेरीसाठी पैसे खर्च केले, तीच फेरी! तिसऱ्या रात्री बांधाच्या ओल्या मातीत ताजे पंजे दिसले. दुसऱ्या दिवशी पुतण्याने मेनस्विच पाडून एकच वायर कडीत ठेवली, आणि पडद्यावर साडेसात अँपिअर उमटले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण ती एकट्याची नाही. हे युनिट ‘ऑटो’वर ठेवले की लाईट येताच मोटार आपसूक चालू होते. ६३ केव्हीएच्या डीपीवर ५ एचपीचे १० पंप आहेत असे धरा. चालताना ते ७५ अँपिअर घेतात. डीपीची क्षमता सुमारे ८४, म्हणजे भागते. परंतु सुरू होतेवेळी मोटार सहापट करंट ओढते. दहाही एकदम उठल्या तर ४५० अँपिअर! फ्यूज उडतो किंवा डीपीच जळते, आणि मग उभे पीक वाळेपर्यंत वाट पाहणे आले. म्हणूनच महावितरण ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असे सांगत असते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण बिबट्याच्या मुलखात ऑटोस्विच काढा म्हणणे सोपे, पाळणे कठीण.

यावर उपाय युनिटमध्येच आहे. लाईट आल्यावर किती वेळाने मोटार उठवायची, ते ठरवता येते. आम्ही डीपीवरील सर्वांना एकत्र बसवले. पहिल्याचा पंप एका मिनिटाने, दुसऱ्याचा दीड मिनिटाने, असे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे अंतर ठेवले. दहावा साडेपाच मिनिटांनी उठतो. पहिला नंबर कोणाचा यावर तासभर वाद झाला, मग चिठ्ठ्या टाकल्या. कॅपॅसिटरही सर्वांनी बसवले. यादी प्रत्येकाच्या पेटीच्या आत चिकटवली आहे, कारण युनिट बदलले की वेळ पुन्हा लावावी लागते आणि माणूस विसरतो.

एक धोका विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा. ऑटोवरील मोटार न सांगता चालू होते. विहिरीत उतरण्यापूर्वी किंवा पेटीला हात लावण्यापूर्वी मेनस्विच पाडून किटकॅट काढावेत व आपल्याच खिशात ठेवावेत. पेटीला अर्थिंग हवेच. डीपीला मात्र हात लावू नये, ते वायरमनचे काम.

आणि एवढे करूनही दारे धरायला शेतात जावेच लागते. ठिबक असेल किंवा पाणी शेततळ्यात सोडायचे असेल तरच रात्रीची फेरी पूर्ण वाचते. म्हणून दिवसा विजेची मागणी सोडून चालणार नाही. दिवसा वीज मिळावी यासाठीच २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. आपल्या फीडरवर ती आली की नाही, याची चौकशी महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्जाने करावी. अर्ज लिहून हवा असल्यास रविवारी आमच्याकडे यावे. ते काम आम्हाला वायरिंगपेक्षा बरे जमते.