सांध्याचा हिशेब

सकाळी सात वाजता फाटकात ट्रेलर येऊन उभा होता. त्यावर लोखंडी घोडीला टेकवलेल्या सहा भिंती. हो, अख्ख्या भिंतीच! कारखान्यात ओतलेल्या, खिडकीची जागा सोडून, विजेच्या नळ्या पोटात घेऊन आलेल्या. क्रेन तयार, माणसे तयार. पण आम्हाला आधी हवी असलेली भिंत नेमकी सगळ्यात आत होती. बाहेरच्या उतरवून ठेवायला जागा नव्हती. दुपारपर्यंत क्रेन नुसती उभी राहिली, भाडे मात्र चालू. आमचा मुकादम म्हणाला, "साहेब, एक गवंडी आला नाही तर दुसरा आणता येतो. इथे क्रेन थांबली की सगळी साइटच बसली."

या धंद्यात पस्तीस वर्षे काढल्यावर मी सांगू शकतो, की कारखान्यात घर बांधण्याचे सारे मर्म त्याच्या या वाक्यात आहे.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. फाळणीनंतर निर्वासितांना चटकन घरे देता यावीत म्हणून 1948 साली दिल्लीत सरकारने घरांचा कारखानाच काढला होता. तो प्रयोग फसला, पण कल्पना टिकली. पुण्यात बी. जी. शिर्के यांनी पुढे सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांपासून पूर्वरचित इमारतींपर्यंत मजल मारली. 2022 साली तर सिडकोने नवी मुंबईत बामणडोंगरीला 96 घरांची इमारत 96 दिवसांत उभी केली. वर्षानुवर्षे हप्ते आणि भाडे दोन्ही भरत ताब्याची वाट पाहणाऱ्या माणसाला हा आकडा किती गोड लागत असेल, हे वेगळे सांगायला नको.

हा वेळ वाचतो कुठे? जागेवर ओतलेल्या स्लॅबचे टेकू साध्या सिमेंटला, लहान गाळा असला तरी, निदान सात दिवस ठेवावे लागतात. गाळा साडेचार मीटरच्या वर गेला की चौदा दिवस. कारखान्यात वाफेवर पिकवलेली भिंत दुसऱ्या दिवशी साच्यातून निघते. शिवाय इकडे पाया खणला जात असताना तिकडे चौथ्या मजल्याच्या भिंती तयार होत असतात. पाऊस लागला तरी छपराखालचे काम थांबत नाही.

पण या वेगाची किंमत आधी मोजावी लागते. विटेच्या भिंतीत स्विचची जागा बदलायची तर छिन्नी-हातोडा पुरतो. इथे ती जागा साचा भरण्यापूर्वीच नक्की हवी. "बघू पुढे" हे आपले लाडके वाक्य इथे चालत नाही. नकाशा एकदा गोठवायचा, एकाच मापाचा साचा पुन्हा पुन्हा वापरायचा आणि ज्या क्रमाने भिंती उभ्या राहणार त्याच क्रमाने त्या उतरतील असा ट्रेलर भरायचा. कार्यक्षमता म्हणतात ती एवढीच. त्यात यंत्रापेक्षा शिस्तच जास्त.

आणि एवढे सगळे जमले तरी एक गोष्ट उरतेच. सांधा.

भिंत क्रेनने उतरते, तिरप्या टेकूंवर उभी राहते, ओळंब्यात येते. खालच्या मजल्यातून वर आलेल्या सळया तिच्या तळातल्या नळ्यांत शिरतात. मग त्या नळ्यांत ग्राउट भरायचा. खालच्या भोकातून पंपाने दाबायचा आणि वरच्या भोकातून बाहेर आला की नळी भरली असे समजायचे. काम मिनिटांचे. पण एकदा भोक बुजले की आत काय आहे ते कुणाला दिसत नाही.

लंडनच्या पूर्व भागातली रोनन पॉइंट ही बावीस मजली इमारत अशाच तयार भिंतींची होती. 16 मे 1968 रोजी पहाटे अठराव्या मजल्यावर एका बाईने चहासाठी काडी ओढली आणि गळलेल्या गॅसचा स्फोट झाला. ती वाचली. पण बाहेरची भिंत निखळली, वरचे मजले आधार गेल्याने खाली आले आणि त्यांच्या भाराने इमारतीचा अख्खा कोपरा ढासळला. चार माणसे गेली. इमारतीत लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पुढे 1986 साली ती मजल्यामजल्याने उतरवली, तेव्हा काही सांध्यांत चुन्या-सिमेंटऐवजी वर्तमानपत्राचे बोळे सापडले. भिंती कारखान्यातल्या होत्या. बोळे मात्र जागेवर कोंबलेले होते.

आमच्याकडे असे काही अघटित घडले नाही, पण मान खाली घालावी लागली. पहिल्याच पावसाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या एका आजींनी मला बोलावून घेतले. दोन भिंतींच्या जोडावर ओल आली होती, खाली पातेले ठेवलेले. "अहो, भिंत तर कारखान्यातून आली म्हणता ना? मग पाणी कुठून आलं?" मी तपासले. बाहेरच्या सांध्यात सीलंट होते, पण धूळ न पुसताच भरलेले. त्या आठवड्यात आम्ही ठरल्यापेक्षा जास्त भिंती उभ्या केल्या होत्या आणि त्याबद्दल शाबासकीही मिळवली होती. सांधे कुणी मोजले नव्हते.

तेव्हापासून मी एक नियम केला. दिवसाचे काम उभ्या केलेल्या भिंतींवर मोजायचे नाही, तपासून सही झालेल्या सांध्यांवर मोजायचे. रंग लावण्यापूर्वी बाहेरून पाण्याचा फवारा मारून बघायचा. ग्राउट भरणाऱ्या टोळीला नगावर मजुरी द्यायची नाही. सुरुवातीला वरिष्ठ कुरकुरले, की वेग मंदावला. पण पुढच्या इमारतीत भिंती फोडून दुरुस्त्या कराव्या लागल्या नाहीत आणि शेवटची तारीख हुकली नाही.

आज नवी घरे पाहायला लोक जातात, तेव्हा फरशी पाहतात, नळ सोडून पाहतात. किती दिवसांत बांधली हेही कौतुकाने विचारतात. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा, असे मला वाटते. सांधे कुणी भरले, आणि ते भरताना शेजारी कोण उभे होते?