राखेचा ढग किती उंच गेला?

खेडहून रघुवीर घाट चढू लागलं की काळ्या कातळाचे थरावर थर दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला हा लाव्हा. त्या वेळची राख आणि वायू किती उंच गेले, हे मोजायला कोणी नव्हतं. आज उपग्रह आहेत.

एरवी ढगाच्या माथ्याच्या तापमानावरून उंची काढतात. जितका थंड, तितका उंच. पण उष्ण कटिबंधात १६-१७ किमीच्या वर स्थितांबर हा वातावरणाचा थर लागतो. तिथे वर जावं तसं तापमान वाढतं आणि हा हिशेब फसतो.

१५ जानेवारी २०२२ रोजी टोंगा देशातला हुंगा टोंगा ज्वालामुखी उसळला, तेव्हा ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. नाकासमोर बोट धरून एकेक डोळा मिटला की बोट सरकल्यासारखं वाटतं. तसाच तीन उपग्रहांच्या चित्रांत ढग किती सरकलेला दिसतो, ते त्यांनी मोजलं. उत्तर आलं ५७ किमी. ढग स्थितांबर ओलांडून त्यावरच्या मध्यांबरात घुसला होता!

ही उंची विमानांसाठी महत्त्वाची असते. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख सुमारे १४ किमीपर्यंत चढली. दुसऱ्याच दिवशी ती भारतावर पोहोचली आणि काही उड्डाणं रद्द झाली. प्रवासी विमानं साधारण १०-१२ किमीवरून उडतात आणि इंजिनात शिरलेली राख तिथल्या उष्णतेने वितळून पात्यांवर चिकटते.