मुक्या कर्ण्यांचे बिऱ्हाड

गोवंडीला राहतो असे सांगितले, की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोनच गोष्टी उमटतात : देवनारचा कचरा आणि हार्बर लाइनची गर्दी. दोन्ही खऱ्या आहेत. पण जुन्या लाउडस्पीकरांचा नाद लागलेल्या मजसारख्या माणसाला याहून सोयीची जागा नाही. शहराने टाकलेला माल इथल्या भंगाराच्या दुकानांत येतो. तांबे एकीकडे, पितळ दुसरीकडे, लोखंड तिसरीकडे. या वाटण्या होण्याआधी एखादा कर्णा दिसला तर दिसला. चोरबाजारातला दुकानदार वस्तूचे नाव सांगतो आणि नावाचे पैसे घेतो. इथे काटा बोलतो. "काका, हा भोंगा घेता की तोडू?" एवढाच प्रश्न.

वाचकहो, या भोंग्यांत एवढे काय आहे, असे आमच्या सौभाग्यवतीही विचारतात. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. परवान्याला वर्षाचे १० रुपये पडत, आणि त्या वर्षाअखेर सबंध हिंदुस्थानात परवाने होते साडेतीन हजारांच्या आसपास. स्वस्तातला संच म्हणजे स्फटिकाचा, कानाला हेडफोन लावून ऐकायचा. एकाने ऐकायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहत बसायचे! व्हॉल्व्हचा संच आणि त्याला जोडलेला कर्णा आला, तेव्हा कुठे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येऊ लागले.

कर्ण्याच्या बुडाशी असतो तो खरे म्हणजे टेलिफोनचाच थोराड भाऊ : एक लोहचुंबक, त्याच्या टोकांवर केसाहून बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी आणि समोर लोखंडी पत्र्याची पातळ चकती. चकतीची धडपड अगदी मुंगीएवढी. कर्णा ती खोलीभर पोचवतो. बुडाशी एक फिरकी असते, तिने चकती व चुंबक यांतले अंतर कमीजास्त करायचे. फार जवळ नेले तर चकती चिकटते आणि गवई माशीसारखा गुणगुणू लागतो. कॅलिफोर्नियात पीटर जेन्सेन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ साली चकतीऐवजी तारेचे वेटोळेच हलते ठेवून 'मॅग्नाव्हॉक्स' उभा केला. पण तोंडाला कर्णा त्यांनाही लागलाच.

कर्ण्याचा आवाज नाकातला. खालचे स्वर त्या आखूड नळीत मावत नाहीत. आमच्या घरी मी त्यावर जुनी गाणी लावतो, तेव्हा तबल्याची चाट स्पष्ट ऐकू येते. डग्गा मात्र गावाला गेलेला असतो. ही उणीव कागदी शंकूने भरून काढली. अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली हलत्या वेटोळ्याला कागदाचा शंकू जोडून कर्ण्याची गरजच संपवली. आजच्या स्पीकरचा वंश तिथून चालतो. शंकूला वीज अधिक लागते, आणि मुंबईत त्याला आणखी एक शत्रू आहे : कसर. माझ्याकडच्या एका शंकूला तिने चाळणी केले होते. पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ यांनी मी तो सांधला. आता डग्गा परत आला आहे.

कर्ण्यांचे दुखणे असे घरगुती उपायाने जात नाही. इथल्या दमट हवेत ती बारीक तार हिरवी पडते आणि आतल्या आत तुटते. संग्राहकांत यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, मूळ वस्तूला हात लावू नका, मुकी राहिली तरी चालेल. दुसऱ्याला सगळे चकचकीत हवे. मला पहिल्यांचा आदर वाटतो, पण बोलण्यासाठी केलेली वस्तू कपाटात गप्प उभी करणे मला जमत नाही. माझा अँप्लियन, लाकडी पाकळ्यांच्या तोंडाचा, चेंबूरच्या एका वृद्ध कारागिराने बोलता केला. हाताने फिरवायच्या यंत्रावर ते तार गुंडाळीत. पाच वेळा तुटली. सहाव्या वेळी त्यांनी पंखा बंद केला, मला श्वाससुद्धा हळू घ्यायला सांगितले, आणि वेटोळे पुरे झाले. जुने वेटोळे पाकिटात घालून मी बुडाशीच ठेवले आहे.

गेल्या वर्षी मोतीबिंदूनंतर त्यांनी ते काम सोडले. मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. हुशार आहे, पण या तारेला वेळ देणे त्याला परवडत नाही आणि त्यात त्याचे चूक नाही. माझ्याकडे तीन कर्णे मुके आहेत. ते यंत्र त्यांनी मला देऊ केले आहे. बारीक तारेचे एक रीळ आणून मी रोज रात्री तासभर बसतो. अजून एकही वेटोळे पुरे झालेले नाही. "अहो, गणपतीच्या मिरवणुकीचे हे सामान घरात किती दिवस?" असे विचारणाऱ्या आमच्या सौभाग्यवती आता स्वतः उठून पंखा बंद करतात.

दिवाळीच्या साफसफाईत तुमच्या माळ्यावर असा कर्णा निघाला, तर भंगारात देण्यापूर्वी त्याच्या दोन तारा क्षणभर टॉर्चच्या एका सेलला लावून पाहा. 'टिक्' असा आवाज आला तर वेटोळे शाबूत आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या संचाला जोडायचा झाल्यास तारेवरची तांबडी खूण पाहून जाणत्याकडूनच जोडून घ्या. उलटा जोडला तर चुंबक हळूहळू दुबळा होतो. आवाज आला नाही, तरी तोडू नका. गोवंडीच्या कुठल्याही भंगारवाल्याला भोंगेवाल्या काकांचे घर विचारा.