ब्राम्सचा हॉर्न ट्रायो आणि १९३३ च्या तबकड्या

योहानेस ब्राम्सचा ई-फ्लॅट मेजरमधला हॉर्न ट्रायो, ओपस ४०, हा पियानो, व्हायोलिन आणि हॉर्न या तीन वाद्यांसाठी आहे. ब्राम्सने तो १८६५ साली बाडेन-बाडेनजवळच्या लिख्टेन्टाल या गावी लिहिला. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला झ्युरिकमध्ये तो प्रथम वाजवला गेला. हॉर्न घेऊन लिहिलेलं चेंबर संगीत तसं थोडंच आहे. मोझार्टची १७८२ ची हॉर्न क्विंटेट, बेथोवनचा १८०० चा सोनाटा, शुमानची १८४९ ची 'अडाजिओ आणि आलेग्रो' ही त्यातली ठळक नावं. या सर्वांत ब्राम्सच्या ट्रायोला वेगळं स्थान आहे, आणि त्याच्या ध्वनिमुद्रणांचा इतिहास हा बऱ्याच अंशी हॉर्न या वाद्याच्याच बदलत्या स्वभावाचा इतिहास आहे.

ब्राम्सने हा ट्रायो 'वाल्डहॉर्न'साठी, म्हणजे व्हॉल्व्ह नसलेल्या साध्या हॉर्नसाठी लिहिला. व्हॉल्व्हचं पेटंट बर्लिनमध्ये १८१८ सालीच घेतलं गेलं होतं, आणि शुमानने तर खास व्हॉल्व्ह हॉर्नसाठी रचना केली होती. तरीही ब्राम्स जुन्या वाद्यालाच चिकटून राहिला. त्याचे वडील योहान याकोब हॅम्बुर्गमध्ये हॉर्न आणि डबल बास वाजवून पोट भरत, आणि लहानपणी ब्राम्सही हॉर्न वाजवायला शिकला होता. फेब्रुवारी १८६५ मध्ये त्याची आई वारली. तिसऱ्या भागावर 'अडाजिओ मेस्टो', म्हणजे संथ आणि शोकमग्न, अशी सूचना आहे. तिचा संबंध चरित्रकार या मृत्यूशी जोडत आले आहेत.

साध्या हॉर्नमधून फुंकरीने निघतात ते केवळ स्वयंभू स्वर. तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून उमटणारा गंधार ज्या श्रेणीतला, त्याच श्रेणीतले हे स्वर. मधले स्वर मिळवायचे तर वादकाला हॉर्नच्या रुंद तोंडात हात घालून ते कमी-अधिक बंद करावं लागतं. अशा हाताने दाबून काढलेल्या स्वरांचा आवाज कोंडलेला येतो. अडाजिओ ई-फ्लॅट मायनरमध्ये आहे, आणि त्या मायनर सुरावटीचा कोमल गंधार, म्हणजे जी-फ्लॅट, हा साध्या ई-फ्लॅट हॉर्नवर मोकळा निघत नाही. तो हाताने दाबूनच काढावा लागतो. शोकाचा मुख्य स्वर नेमका गुदमरलेला यावा, हे ब्राम्सच्या लेखनातच आहे. व्हॉल्व्ह हॉर्नवर तोच स्वर बाकीच्या स्वरांसारखा उजळ येतो, आणि तिथे काहीतरी हरवतं.

रचनेच्या बांधणीवरही याचा परिणाम झाला. साध्या हॉर्नला दूरच्या सुरावटींत भटकणं अवघड. ब्राम्सच्या चेंबर संगीतात पहिला भाग सोनाटा-बंधात नसलेली ही एकमेव रचना आहे. दोन कल्पना आलटूनपालटून येतात, घाई कुठेच नाही. दुसरा भाग स्केर्झो; शेवटचा भाग शिकारीच्या दौडीचा. त्या दौडीची चाहूल अडाजिओच्या उत्तरार्धातच हलकेच लागते. वादकांची खरी परीक्षा त्या काही मापांत होते.

या ट्रायोच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतलं मानाचं पान एच.एम.व्ही.ने नोव्हेंबर १९३३ मध्ये लंडनमध्ये केलेल्या मुद्रणाचं. व्हायोलिनवर अडॉल्फ बुश, पियानोवर रुडॉल्फ सर्किन आणि हॉर्नवर ऑब्री ब्रेन. त्या वर्षाचा संदर्भ विसरता येत नाही. बुश जर्मन होता, ज्यू नव्हता, आणि जर्मनीतला अग्रगण्य व्हायोलिनवादक होता. १ एप्रिल १९३३ च्या ज्यूविरोधी बहिष्कारानंतर त्याने जर्मनीतले आपले सगळे कार्यक्रम रद्द केले. त्याचा भाऊ, संगीत-दिग्दर्शक फ्रिट्झ बुश, याला मार्चमध्येच ड्रेस्डेनच्या ऑपेरातून हुसकावण्यात आलं होतं. सर्किन ज्यू होता, बुशच्या घरातच वाढल्यासारखा, आणि पुढे १९३५ मध्ये त्याचा जावई झाला. जर्मन संगीताचा हा अत्यंत घरगुती, हळवा नमुना त्या दोघांनी त्याच वर्षी परक्या शहरात, एका इंग्रज हॉर्नवादकासोबत तबकडीवर उतरवला.

तो इंग्रज वादक, ऑब्री ब्रेन, आज प्रामुख्याने मुलाच्या नावाने ओळखला जातो, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. १८९३ साली हॉर्नवादकांच्या घराण्यात जन्मलेला ऑब्री १९२३ पासून रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकवत होता. १९३० मध्ये बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा राहिला तेव्हा तो त्याचा प्रमुख हॉर्नवादक झाला. मोझार्टची हॉर्न क्विंटेट लेनेर क्वार्टेटसोबत त्यानेच मुद्रित केली. त्याचं वाद्य फ्रेंच पद्धतीचं होतं: पिस्टनचं, अरुंद नळीचं, एफ सुरातलं, सुमारे बारा फूट लांबीचं. जर्मन बनावटीचे रुंद नळीचे हॉर्न तेव्हा युरोपभर पसरत होते, पण ऑब्रीला त्यांचा जाड आवाज मान्य नव्हता. अरुंद नळीचा हॉर्न बोलका आणि स्वच्छ असतो, मात्र धोकादायकही. नळी लांब असली की वरच्या टप्प्यातले स्वयंभू स्वर एकमेकांना खेटून येतात. ओठांचा ताण केसभर चुकला की शेजारचा स्वर लागतो आणि आवाज फुटतो.

१९३३ च्या तंत्रात या धोक्याला फार महत्त्व होतं. ७८ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचं संगीत मावे, म्हणजे अर्ध्या तासाच्या या ट्रायोला सात-आठ बाजू लागणार. कापून जोडण्याची सोय नव्हती. एक स्वर फुटला तर सगळी बाजू पुन्हा वाजवायची. आपल्याकडच्या गवयांनी ख्यालाचा विस्तार आवळून साडेतीन मिनिटांत बसवला, तशी कापाकापी इथे करता येत नव्हती. लिहिलेली रचना तुकड्यातुकड्यांनी घ्यावी लागे आणि तुकड्यांमधून भावाचा धागा टिकवावा लागे. बुश, सर्किन आणि ब्रेन यांचा अडाजिओ ऐकताना हे तुकडे जाणवत नाहीत. ऑब्रीचा हॉर्न व्हायोलिनला झाकत नाही, तिच्या शेजारी उभा राहतो. बुश स्वरावरून स्वरावर हलकेच घसरत जातो, आणि हॉर्न कोणताही स्वर न ताणता त्याला उत्तर देतो. पुढच्या काळात यापेक्षा बिनचूक मुद्रणं पुष्कळ झाली. इतकं समतोल क्वचितच झालं.

ऑब्रीचा मुलगा डेनिस, जन्म १९२१, पंधराव्या वर्षी वडिलांकडेच अकॅडमीत शिकायला लागला. ६ ऑक्टोबर १९३८ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये त्याने जाहीर पदार्पण केलं ते अडॉल्फ बुशच्या वादकसमूहात, बाखच्या पहिल्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोत, वडिलांच्या शेजारी दुसरा हॉर्न वाजवत. युद्धकाळात त्याने बेथोवनचा सोनाटा डेनिस मॅथ्यूजसोबत आणि मोझार्टची क्विंटेट ग्रिलर क्वार्टेटसोबत मुद्रित केली. १९५५ मध्ये वाल्टर गीझेकिंगसोबत केलेली मोझार्टची पियानो व चार फुंकवाद्यांची क्विंटेट तर आजही बाजारात मिळते. १९५१ मध्ये डेनिसने वडिलांच्या परंपरेतला फ्रेंच हॉर्न बाजूला ठेवून जर्मन बनावटीचा अलेक्झांडर हॉर्न घेतला. त्याची बी-फ्लॅट नळी आखूड, त्यामुळे स्वर एकमेकांपासून दूर आणि वादन अधिक निर्धोक. ऑब्री १९५५ मध्ये वारला. ब्राम्सचा ट्रायो डेनिसने बीबीसीसाठी १९५७ मध्ये मॅक्स साल्पेटर आणि सिरिल प्रीडी यांच्यासोबत वाजवला, आणि ते प्रक्षेपण पुढे ध्वनिमुद्रिका म्हणून निघालं. आवाज वडिलांपेक्षा गोल आणि भरीव आहे, श्वास अधिक लांब आहे. मात्र अडाजिओतली ती बारीक, ताणलेली भेदकता ऑब्रीच्याच तबकड्यांत अधिक आहे. १ सप्टेंबर १९५७ रोजी एडिंबराहून लंडनला परतताना मोटार अपघातात डेनिसचा मृत्यू झाला, वयाच्या ३६ व्या वर्षी. पुलांकने त्याच्या स्मृतीसाठी हॉर्न आणि पियानोची 'एलेजी' लिहिली.

सर्किन १९३९ मध्ये बुशसोबत अमेरिकेत स्थायिक झाला. दोघांनी इतर सहकाऱ्यांबरोबर व्हरमाँटमध्ये मार्लबरो महोत्सव सुरू केला. बुश १९५२ मध्ये वारला. १९६० मध्ये सर्किनने हाच ट्रायो पुन्हा मुद्रित केला. यावेळी हॉर्नवर क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राचा मायरन ब्लूम होता, आणि व्हायोलिनवर पुढे ग्वार्नेरी क्वार्टेटचा व्हायोलावादक झालेला मायकेल ट्री. ब्लूमचा आवाज गडद, रुंद, पूर्णपणे अमेरिकन. पियानो मात्र २७ वर्षांपूर्वीच्याच आग्रहाने वाजतो. शेवटच्या भागात तर सर्किन इतरांना अक्षरशः पुढे ओढत नेतो. १९६८ च्या डेक्का मुद्रणात बॅरी टकवेल, इट्झाक पर्लमन आणि व्लादिमिर अश्केनाझी आहेत. वादन देखणं आहे, पण त्यात शोक कमी आणि आनंद जास्त.

साध्या हॉर्नकडे परतण्याचं श्रेय जुन्या वाद्यांच्या चळवळीला. लोवेल ग्रीअरने स्टेफनी चेस आणि स्टीव्हन लुबिन यांच्यासोबत, आणि नंतर ट्युनिस फान डर झ्वार्टने इझाबेल फाउस्ट व अलेक्झांडर मेलनिकोव यांच्यासोबत हार्मोनिया मुंडीसाठी हा ट्रायो वाजवला. दुसऱ्या मुद्रणात मेलनिकोवने १८७५ चा बोझेनडोर्फर पियानो घेतला. तो पियानो हॉर्नला झाकत नाही, आणि अडाजिओतले दाबलेले स्वर ब्राम्सच्या मनात होते तसे, खालच्या आवाजात, स्पष्ट ऐकू येतात. या दोन मुद्रणांनंतर व्हॉल्व्ह हॉर्नवरच्या बहुतेक मुद्रणांतला तिसरा भाग फार सोपा वाटू लागतो. ऑब्री ब्रेनच्या हॉर्नलाही पिस्टन होतेच. पण त्याची नळी, तिचा अरुंदपणा आणि तिचा धोका हे सारं ब्राम्सच्या वाल्डहॉर्नच्या जवळचं होतं, आणि म्हणून १९३३ ची ती तबकडी जुन्या वाद्यांच्या मुद्रणांशेजारी ठेवली तरी उपरी वाटत नाही.