खोडरबर बाजूला ठेवल्यावर

माझा मावसभाऊ आठ वर्षांचा आहे आणि तो स्वमग्न आहे, म्हणजे ज्याला आपण ऑटिझम म्हणतो ते. मागच्या वर्षी त्याच्या वहीत धड पान सापडायचं नाही. एखादी वेलांटी जरा वाकडी गेली की तो खोडायचा, पुन्हा लिहायचा, पुन्हा खोडायचा. कागदाला भोक पडलं की पान फाडायचा आणि मग स्वतःच्याच हाताला चावायचा. शेवटी त्याने पेन्सिल धरणंच सोडून दिलं. घरात सगळे म्हणायचे, ‘हट्टी आहे.’ मीसुद्धा म्हणायचो. तो हट्ट नव्हता, हे कळायला आम्हाला उशीर झाला.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांवर एक लेख लिहिला. ऑटिझमबद्दलच्या सुरुवातीच्या लेखनात तो महत्त्वाचा मानतात. या मुलांना सगळं जसंच्या तसं राहावं असं फार तीव्रतेने वाटतं, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. लिहिताना नेमकं हेच आड येतं. पुस्तकातलं अक्षर मुलाच्या डोळ्यांसमोर स्पष्ट असतं आणि हातून उतरतं ते वेगळंच. आपल्याला ती किरकोळ चूक दिसते. त्याच्या लेखी मात्र ठरलेली गोष्ट मोडलेली असते, आणि पुढे काय करायचं हे त्याला ठाऊक नसतं. त्यात अशा बऱ्याच मुलांची बोटांवरची पकड कच्ची असते, म्हणजे चुकाही जास्तच होणार. सगळी स्वमग्न मुलं अशीच असतात असं नाही. कुणी भराभर लिहितं आणि चुकांकडे बघतही नाही.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत आणखी एक पेच असतो. आजीने शिकवलेल्या मराठी ‘ल’ला उजवीकडे उभा दंड नाही, शाळेतल्या हिंदी पुस्तकातल्या ‘ल’ला आहे. ‘श’चं वळणही दोन्हीकडे वेगळं. आपण दोन्ही सहज वाचतो. भाऊ मात्र आजीचा ‘ल’ बघून म्हणाला, “हे चुकलं.” आजी म्हणाली, “नाही रे बाळा, बरोबर आहे.” झालं, तो दिवस रडण्यात गेला. मग आम्ही दोन रकाने आखले, एक ‘घरचा ल’ आणि एक ‘शाळेचा ल’. दोन्ही बरोबर, फक्त जागा वेगळी. हे त्याला लगेच पटलं.

तेव्हा लक्षात आलं की त्याला धीर देऊन भागत नाही, त्याला पद्धत लागते. “काही हरकत नाही, छान आहे” असं आपण म्हणतो, पण चूक त्याला समोर दिसत असते. त्यामुळे आपणच खोटं बोलतोय असं त्याला वाटतं. त्यापेक्षा सरळ म्हणावं, “हो, ही वेलांटी चुकली. आता काय करायचं?” आणि त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असावं. आमचं उत्तर असं: चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ, शेजारी पुन्हा तोच शब्द, मग पुढे. ही तीन चित्रं वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवली आणि खोडरबर कपाटात ठेवला. ज्या मुलाला नियमाचा आधार वाटतो, त्याच्यासाठी चुकेललाही नियमात जागा करून द्यायची, एवढंच.

पण हे रडारड चालू असताना शिकवता येत नाही, मूल शांत असताना शिकवावं लागतं. आजी त्याच्या शेजारी बसून किराण्याची यादी करायची आणि मुद्दाम ‘साखर’चं ‘साकर’ लिहायची. “अरे, चुकलं. एक रेघ. पुन्हा लिहिते.” रोज एकदा. काही दिवसांनी तोच आजीला सांगायला लागला, “आजी, एक रेघ!”

हातालाही सवड द्यावी लागते. पूर्वी आपल्याकडे मुलं धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवायची. आम्ही ताटात रवा पसरला. बोटाने मोठं अक्षर काढायला पेन्सिलीची पकड लागत नाही. गोष्ट सांगायची असेल त्या दिवशी तो बोलतो आणि मावशी लिहून घेते. अक्षराचा सराव वेगळ्या वेळी, तोही चारच ओळी. सुचणं आणि वळणदार काढणं ही दोन ओझी एकदम दिली की दोन्ही खाली पडतात. तपासतानाही पानभर लाल शाई नको, एका वेळी एकच गोष्ट दाखवावी. बोटांचा त्रास फार असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टचा सल्ला घ्यावा.

आणि तरीही बांध फुटलाच, तर वही बंद. त्या वेळी समजावू नये, “एवढी ओळ तरी पूर्ण कर” असंही म्हणू नये. आवाज कमी, शब्द कमी, जवळ बसून राहायचं. राहिलेली ओळ उद्या होते.

आपल्या मंडळातले कितीतरी जण शिकवण्या घेतात, काही जण पुढे बी.एड. करतील. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे. म्हणजे अशी मुलं तुमच्या वर्गात असतील, आणि ती असणं हा त्यांचा हक्क आहे. पान फाडणारं मूल दिसलं तर आधी एवढंच बघा, की चुकल्यावर पुढे काय करायचं हे त्याला कुणी सांगितलंय का?

भाऊ अजूनही कधीकधी रडतो. पण परवा त्याने मला चिठ्ठी लिहिली, पाच ओळींची. तीत तीन शब्दांवर आडवी रेघ आहे आणि पान शाबूत आहे.